लहान गावातील चर्चची प्राथमिक शाळा : पालकांस सांगावयाची आवश्यक माहिती

१. विषयप्रवेश

जून महिन्यात पहिला पाऊस पडून गेला, की गावोगावच्या शाळांच्या पायरीशी नवे पालक मूल घेऊन उभे राहतात. कोणाच्या हातात आधारकार्ड असते, कोणाच्या हातात अंगणवाडीतील कागद असतो, तर कोणी रिकाम्या हातानेच आलेला असतो. त्यांना विचारावयाचे पुष्कळ असते. परंतु मास्तरांना अगर बाईंना प्रश्न विचारण्याची सवय नसते. शिक्षक नाव लिहून घेतात, 'उद्यापासून पाठवा' असे सांगतात आणि पालक परत जातो. त्याने जे विचारले नाही व शिक्षकाने जे सांगितले नाही, त्याचा परिणाम मात्र पुढे अनेक वर्षे त्या मुलास भोगावा लागतो.

पालघर तालुक्यात व बोईसर-तारापूर परिसरात जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबरच खाजगी संस्थांच्या शाळाही आहेत. त्यांपैकी चर्च अथवा ख्रिस्ती संस्था जी शाळा चालवते, तिला लोक 'मिशनची शाळा', 'फादरांची शाळा' किंवा 'सिस्टरांची शाळा' म्हणतात. अशा शाळेचे नियम जिल्हा परिषदेच्या शाळेहून काही बाबतींत निराळे असतात, आणि नेमक्या याच बाबींविषयी पालकांत गैरसमज अधिक असतात. एकाच पाड्यावरील मुले दोन्ही शाळांत जातात. आज एका शाळेत असलेले मूल उद्या दुसऱ्या शाळेत येते. म्हणून ही माहिती चर्चच्या शाळेतील शिक्षकांस जितकी हवी, तितकीच जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसही हवी. पालक सल्ला विचारावयास बहुधा ओळखीच्या शिक्षकाकडेच येतो.

पालकांस कोणती माहिती द्यावी, ती का द्यावी आणि कशी द्यावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

२. या भागातील पूर्वपीठिका

उत्तर कोकणात ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या शिक्षणाची परंपरा एकाच पंथाची नाही. पोर्तुगीज अंमलाच्या काळापासून वसई भागात कॅथॉलिक समाज नांदत आला आहे. १७३९ साली हा प्रदेश मराठ्यांनी जिंकल्यानंतरही तो समाज येथेच राहिला आणि त्याची भाषा मराठी व तिच्या स्थानिक बोली हीच राहिली. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तलासरी भागात येशूसंघीय धर्मगुरूंनी वारली समाजात शिक्षणाचे काम केले.

दुसरी परंपरा प्रॉटेस्टंट पंथाची आहे. अमेरिकेतील 'चर्च ऑफ द ब्रेदरेन' या संस्थेचे पहिले कार्यकर्ते विल्बर स्टोव्हर हे १८९४ च्या अखेरीस सपत्नीक मुंबईस उतरले व पुढील वर्षी वलसाड येथे त्यांनी कामास आरंभ केला. त्यानंतर या मिशनची केंद्रे डहाणू, वाडा व पालघर येथेही निघाली. १९७० साली २९ नोव्हेंबर रोजी नागपूर येथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही एकत्रित संस्था स्थापन झाली, तीत ब्रेदरेन चर्चही सामील झाले. पुढे या विलीनीकरणासंबंधीचे वाद न्यायालयातही गेले.

या इतिहासावरून शिक्षकांनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'मिशनची शाळा' एवढ्या नावावरून शाळा कोण चालवते, हे कळत नाही. ती धर्मप्रांताची असेल, एखाद्या धर्मभगिनींच्या संघाची असेल, नोंदणीकृत न्यासाची असेल किंवा एखाद्या स्वतंत्र मंडळीची असेल. पालकांस सांगावयाची पहिली माहिती म्हणून हीच होय : शाळा कोणत्या संस्थेची आहे आणि तक्रार अगर विनंती करावयाची झाल्यास ती कोणाकडे करावी.

याच परिसराने शिक्षणक्षेत्रास आणखीही एक धडा दिला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व पुढे आपले कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखावयास जातात, म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी मुलांस दोष न देता शाळाच कुरणावर नेली. पालकांस माहिती देण्याच्या बाबतीतही हाच मार्ग उपयोगी आहे. पालक शाळेत येऊन सूचनाफलक वाचत नसेल, तर ती माहिती त्याच्या अंगणात नेली पाहिजे.

३. शाळेचा प्रकार : मान्यता व अनुदान

कोणतीही प्राथमिक शाळा मान्यतेवाचून चालविता येत नाही. शाळा मान्यताप्राप्त आहे काय, हे पालकांस सहज समजले पाहिजे. प्रत्येक शाळेस यूडायसचा अकरा अंकी क्रमांक असतो. तो शाळेच्या फलकावर ठळक लिहिलेला असावा.

त्यानंतर अनुदानाचा प्रश्न येतो. शाळा अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे, की २०१२ च्या अधिनियमाखालील स्वयंअर्थसहाय्यित आहे, यावर पालकांच्या खर्चाच्या अनेक बाबी अवलंबून असतात. मध्यान्ह भोजनाचे उदाहरण घ्यावे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली व २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने ओळखली जाणारी ही योजना शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांसाठी आहे. प्राथमिक वर्गातील मुलास दररोज १०० ग्रॅम धान्याचे, ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने देणारे जेवण मिळावे, असे तिचे प्रमाण आहे. विनाअनुदानित शाळेत हे जेवण मिळत नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास हा फरक लहान नाही. तो प्रवेशानंतर कळण्यापेक्षा प्रवेशापूर्वी कळलेला बरा.

अल्पसंख्याक दर्जाविषयीही स्पष्टपणे सांगावे. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांस लागू होत नाही. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या निर्णयाचा फेरविचार व्हावा, म्हणून हा प्रश्न वरिष्ठांकडे पाठविला. परिणामी दुर्बल घटकांतील मुलांसाठी खाजगी शाळांत ज्या २५ टक्के जागा ठेवल्या जातात, त्या अल्पसंख्याक दर्जाच्या शाळेत ठेवणे बंधनकारक नाही. 'अर्ज भरला म्हणजे फादरांच्या शाळेत फुकट प्रवेश मिळेल', अशी समजूत घेऊन पालकांनी हेलपाटे घालू नयेत, यासाठी ही गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. मात्र चर्चशी संबंधित प्रत्येक शाळेस अल्पसंख्याक दर्जा असतोच, असे नाही. संस्थेकडे तसे प्रमाणपत्र आहे काय, हे पाहूनच बोलावे.

४. प्रवेश व रजिस्टरातील नोंद

पहिलीच्या प्रवेशाचे वय सहा वर्षे होय. ज्या शाळांस २००९ चा अधिनियम लागू आहे, त्या शाळांत जन्माचा दाखला नाही या कारणावरून मुलास प्रवेश नाकारता येत नाही. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा इयत्तेत बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. राज्याकडून अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेस केवळ धर्म, वंश, जात अथवा भाषा या कारणांवरून कोणा नागरिकास प्रवेश नाकारता येणार नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद २९ मध्ये सांगितले आहे. चर्चच्या अनुदानित शाळेसही हे लागू आहे.

यापुढील गोष्ट या पाठातील सर्वांत महत्त्वाची आहे. ती पालकांस सांगावयाची आहेच. परंतु त्याहून अधिक ती शिक्षकाच्या लेखणीशी निगडित आहे.

जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात अथवा जमात या नोंदी पहिल्या दिवशी होतात. त्या दिवशी ते पाच मिनिटांचे काम वाटते. पुढे हेच मूल मोठे होऊन शिष्यवृत्ती, वसतिगृह, उच्च शिक्षण किंवा नोकरी यांसाठी जमातीचा दाखला व त्याची वैधता मागावयास जाते, तेव्हा पडताळणी समिती प्राथमिक शाळेच्या रजिस्टरातील नोंद पाहते. त्या मुलाच्याच नव्हे, तर त्याच्या बापाच्या, आजोबाच्या व आत्याच्या नोंदीही तपासल्या जातात. एका शिक्षकाने निष्काळजीपणाने लिहिलेली ओळ अशा रीतीने दोन पिढ्यांच्या आड येऊ शकते.

चर्चच्या शाळेत अशी चूक होण्याचा संभव विशेष असतो. वारली, मल्हार कोळी, कोकणा अथवा कातकरी कुटुंब ख्रिस्ती धर्माचे असेल, तर काही वेळा 'धर्म' व 'जात' या दोन्ही रकान्यांत नुसते 'ख्रिस्ती' असे लिहिले जाते आणि जमातीचे नाव गळते. कायद्याची स्थिती अशी आहे, की अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जमातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र तशी अट आहे. तो दर्जा हिंदू, १९५६ पासून शीख व १९९० पासून बौद्ध धर्मीयांपुरता आहे. म्हणून ख्रिस्ती वारली कुटुंबातील मुलाच्या नोंदीत धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' व जमातीच्या रकान्यात 'वारली' अशा दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिल्या पाहिजेत. पालकाने सांगितलेला धर्म बदलून लिहू नये. त्याची जमातही गाळू नये.

जन्मतारखेचेही तसेच आहे. अनेक जुन्या रजिस्टरांत ओळीने १ जून हीच तारीख आढळते. कारण तारीख ठाऊक नसली, की तीच लिहिण्याचा प्रघात पडला होता. ग्रामपंचायतीतील जन्मनोंद, आरोग्य केंद्रातील कागद, अंगणवाडीची नोंदवही यांपैकी काही मिळते काय, हे आधी पाहावे. नोंद झाल्यावर ती पालकास मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच सही अथवा अंगठा घ्यावा. मूल शाळेत असतानाच चूक लक्षात आली, तर ती अधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्त होऊ शकते. मूल शाळा सोडून गेल्यावर तीच दुरुस्ती अतिशय कष्टाची होते.

तारापूर अणुविद्युत प्रकल्पाच्या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांतील कुटुंबांस आपली जागा सोडून पुनर्वसित व्हावे लागले. गाव उठते, घर बदलते, जुने कागद गहाळ होतात. शाळेच्या रजिस्टरातील ओळ मात्र राहते. ती खरी व पूर्ण असणे, हा त्या कुटुंबास मोठाच आधार असतो.

५. प्रार्थना व धार्मिक शिक्षण

चर्चच्या शाळेत मूल घालताना पालकाच्या मनात एक प्रश्न बहुतेक वेळा असतो व तो बहुधा उच्चारला जात नाही : 'तेथे आमच्या मुलाला त्यांच्या धर्माचे शिकवतील काय?' गावात यावरून कुजबूज होते, आणि खरी माहिती कोणी सांगत नसल्यामुळे कुजबुजीस बळ येते.

याविषयी संविधानाचा अनुच्छेद २८ स्पष्ट आहे. संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. राज्याने मान्यता दिलेल्या अथवा राज्याकडून साहाय्य घेणाऱ्या संस्थेत असे शिक्षण दिले जात असेल, तर त्यात किंवा तेथील उपासनेत भाग घेण्याची सक्ती कोणत्याही विद्यार्थ्यावर करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर पालकाची संमती आवश्यक असते. अर्थात चर्चच्या मान्यताप्राप्त शाळेत ख्रिस्ती मुलांस धर्मशिक्षणाचा तास असू शकतो. इतर मुलांस त्यात बसविण्यासाठी पालकाने 'हो' म्हटलेले असावे लागते, आणि 'नाही' म्हणण्याचा त्यास पूर्ण अधिकार असतो.

शाळेने ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी आपण होऊन सांगावी. सकाळची प्रार्थना कोणती असते, धर्मशिक्षणाचा तास केव्हा असतो, त्या वेळी इतर मुले काय करतात, हे सांगून संमती लेखी घेणे इष्ट होय. ज्या मुलांचे पालक संमती देत नाहीत, त्यांस त्या तासाला बाहेर उन्हात उभे करू नये. त्यांच्यासाठी वाचन, चित्रकला किंवा मूल्यशिक्षणाचा पाठ योजावा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनीही येथे संयम पाळावा. चर्चच्या शाळेविषयी पालकाने विचारले असता ऐकीव गोष्टी न सांगता, संविधानात काय आहे व पालकाचा अधिकार कोणता आहे, एवढेच सांगावे. दोन शाळांतील चढाओढीचा भार मुलांच्या मनावर पडू देऊ नये.

सुट्ट्यांचाही येथेच उल्लेख केला पाहिजे. नाताळ व गुड फ्रायडे यांबरोबरच वारली कुटुंबांची वाघबारस, किनाऱ्यावरील नारळी पौर्णिमा, डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील चैत्रातील महालक्ष्मीची यात्रा, होळी, या दिवशी मुले गैरहजर राहणार, हे शाळेने गृहीत धरावे. वर्षाच्या आरंभीच सुट्ट्यांची यादी पालकांस दिली, तर उगाच गैरहजेरी लागत नाही.

६. वेळ, माध्यम व खर्च

शाळेची वेळ घड्याळाच्या आकड्यांत सांगावी. 'सकाळी' किंवा 'दुपारी' एवढे पुरत नाही. शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता अथवा त्यानंतर भरवावयाचे आहेत. कारखान्यात पहिल्या पाळीस जाणाऱ्या बोईसरच्या पालकास मूल केव्हा सोडावे व केव्हा न्यावे, याचा मेळ घालावा लागतो. २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० कामाचे दिवस व ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. हे प्रमाण पालकांस माहीत असले, म्हणजे 'शाळा भरते का?' या प्रश्नास आधार मिळतो.

माध्यमाविषयी पालकांत इंग्रजीचे आकर्षण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार व इतर राज्यांतून आलेली कुटुंबेही आहेत. शाळेचे माध्यम कोणते, मराठी कोणत्या इयत्तेपासून व किती शिकविली जाते, हे सांगावे. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आहे. घरी वारली बोली अथवा मांगेली बोली बोलणाऱ्या मुलास पहिल्या वर्षी शाळेची भाषा परकी वाटते, याची कल्पना पालकास व शिक्षकास दोघांसही असावी. मूल गप्प बसते म्हणजे ते मंद आहे, असे मानू नये.

खर्चाच्या बाबतीत पूर्ण आकडा सांगणे हीच सचोटी होय. शुल्क, गणवेश, वह्या, बूट, वाहन, सहल, परीक्षा व स्नेहसंमेलन या सर्वांचा वर्षाचा एकूण अंदाज एकाच वेळी द्यावा. प्रत्येक महिन्यास नवा खर्च निघत गेला, म्हणजे गरीब पालक भांडत नाही. तो मुलास घरी ठेवतो. काही साहाय्य मिळण्याजोगे असेल, तर त्याची सद्यःस्थिती पाहून सांगावे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२-२३ पासून बंद झाली. बंद झालेल्या योजनेचा जुना कागद भिंतीवर राहिला, तर पालक आशेने अर्ज करीत बसतात. म्हणून माहितीपत्रक दरवर्षी नवे करावे व त्यावर वर्ष लिहावे.

७. मुलांची सुरक्षितता

मुलाच्या अंगास हात लावणे, त्यास भीती दाखविणे, मारणे यांविषयी पालकांनी कोणास सांगावे, हे त्यांस ठाऊक असले पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा सर्व शाळांस, कोणत्याही व्यवस्थापनाच्या असोत, लागू आहे. अशा घटनेची माहिती कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन आहे. शाळेचे किंवा संस्थेचे नाव राखण्यासाठी ती दडपणे हा स्वतंत्र अपराध होतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांसही पाठ करून घ्यावा. शाळेतील सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे फलकावर असावीत.

या परिसरास अनुसरून आणखी काही सांगावे लागते. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालू झाल्या. जवळच रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली व कित्येक ठिकाणी मुलांस इमारतीबाहेर बसवून शिकवावे लागले. आपली शाळा आपत्कालीन आराखड्याच्या कोणत्या क्षेत्रात येते, हे तहसील कार्यालयातून समजून घ्यावे. इशारा झाल्यास मुले कोठे नेली जातील, पालकांनी कोठे यावे व कोठे धावू नये, अतिवृष्टीची सुट्टी पालकांस कशी कळेल, हे आधीच ठरवून सांगावे. संकटाच्या वेळी शेकडो पालक एकाच फाटकाशी गोळा झाले, तर मुलांस बाहेर काढणेच कठीण होते.

८. शाळा बदलणे, स्थलांतर व चौथीनंतरची वाट

लहान शाळा बहुधा चौथीपर्यंत अगर पाचवीपर्यंत असते. पुढील शाळा कोठे, किती अंतरावर, तेथे कसे जावयाचे, हे पालकास पहिलीच्याच वर्षी सांगितले पाहिजे. चौथीच्या निकालाच्या दिवशी हा प्रश्न प्रथम समोर आला, तर सर्वांत आधी मुलींचे शिक्षण थांबते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यासंबंधी कायदा असा आहे, की ज्या शाळांस २००९ चा अधिनियम लागू आहे, त्यांच्या मुख्याध्यापकाने मागणी होताच दाखला द्यावा. दाखला येण्यास उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश लांबविता अगर नाकारता येत नाही. समजा, एका मुलीचे शुल्क थकले, म्हणून खाजगी शाळेने दाखला अडवून ठेवला, आणि दाखला नाही म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेने तिला परत पाठविले. दोन्ही शाळांच्या मते आपण नियमानेच वागलो; परंतु मुलगी मात्र कोणत्याच पटावर राहिली नाही. अशी मुलगी समोर आली, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने तिला त्याच दिवशी वर्गात बसवून घ्यावे आणि दाखल्याचा पत्रव्यवहार नंतर करावा.

दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी भिवंडी, वसई व इतर भागांत जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. जाणाऱ्या पालकास तीन गोष्टी सांगाव्यात : मुलाचे नाव पटावरून काढले जाणार नाही, जेथे जाल तेथील जवळच्या शाळेत त्यास बसविता येईल, त्यासाठी शिक्षण हमी कार्ड बरोबर न्यावे. मूल आजी-आजोबांजवळ राहू शकत असेल, तर तोही मार्ग सुचवावा. चर्चच्या शाळेतील मुलेही याच कुटुंबांतील असतात; तेव्हा तेथील शिक्षकांनी केंद्रप्रमुखांशी संपर्क ठेवून या सोयीची माहिती करून घ्यावी.

९. माहिती सांगण्याची रीत

वर सांगितलेली माहिती छापून वाटली, म्हणजे काम संपले, असे होत नाही. पुढील रीत अनुभवास उतरणारी आहे.

(अ) माहिती प्रथम तोंडाने सांगावी, नंतर कागदावर द्यावी. वाचता न येणाऱ्या पालकासमोर कागद धरणे म्हणजे त्यास गप्प करणे होय.

(आ) पाड्यावर संध्याकाळी, कामावरून माणसे परतल्यावर जावे. किनाऱ्यावरील वस्तीत बोटी समुद्रात असतील, ते दिवस टाळावेत. तेथे आईशी व आजीशीच बोलणे अधिक फलदायी होते.

(इ) बोलीत सांगावे. शिक्षकास बोली येत नसेल, तर पाड्यातील मोठ्या मुलीस अथवा अंगणवाडी सेविकेस बरोबर घ्यावे.

(ई) सांगून झाल्यावर 'समजले का?' असे विचारू नये. कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. 'उद्या शेजारणीने विचारले, तर तिला काय सांगाल?' असे विचारावे.

(उ) तक्रार कोठे करावी, हे शेवटी अवश्य सांगावे : प्रथम वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ, त्यानंतर केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी. तक्रारीची वाट दाखविल्याने तक्रारी वाढत नाहीत, विश्वास वाढतो.

१०. पालकांस वाचून दाखवावयाचा नमुना

पुढील मजकूर प्रत्येक शाळेने आपापल्या परिस्थितीप्रमाणे भरून घ्यावा.

'आपली शाळा ........ या संस्थेची आहे. शाळेस सरकारची मान्यता आहे व तिचा क्रमांक ........ आहे. शाळेस अनुदान आहे / नाही. येथे ........ पासून ........ पर्यंतच्या इयत्ता आहेत, त्यानंतरची शाळा........ येथे आहे. शाळा ........ वाजता भरते व ........ वाजता सुटते. शिकविण्याची भाषा ........ आहे. दुपारचे जेवण शाळेत मिळते / मिळत नाही. वर्षाचा सगळा मिळून खर्च सुमारे ........ रुपये येतो. धर्मशिक्षणाच्या तासाला मुलास बसवावयाचे की नाही, हे तुम्ही ठरवावयाचे आहे. नाही म्हटल्यास मुलाचे काही बिघडणार नाही. मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म व जमात रजिस्टरात काय लिहिली आहे, ती ऐकून घ्या. कामासाठी गाव सोडून जाणार असाल, तर आधी शाळेत सांगा. मुलाचे नाव राहील. मुलास कोणी त्रास दिला, तर ........ यांना सांगा, अथवा १०९८ वर कळवा.'

हा मजकूर वाचावयास चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

११. स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टराची मागील तीन वर्षांची पाने पाहावीत. जमातीचा रकाना रिकामा असलेल्या व १ जून ही जन्मतारीख असलेल्या नोंदी मोजाव्यात. ती मुले शाळेत आहेत, तोवर दुरुस्तीचा प्रस्ताव तयार करावा.

२. आपल्या केंद्रात खाजगी अथवा चर्चची शाळा असल्यास तिचा प्रकार, माध्यम व शेवटची इयत्ता यांची नोंद करावी. तेथून येणाऱ्या मुलांसाठी आपल्या शाळेने काय तयारी केली आहे, हे लिहावे.

३. वरील नमुना आपल्या पाड्यावरील बोलीत मांडून एका पालकास वाचून दाखवावा. त्याने विचारलेले प्रश्न टिपून ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावेत.

४. दाखल्याअभावी परत पाठविलेले एखादे मूल गावात आहे काय, याचा शोध घ्यावा. असल्यास त्यास प्रथम वर्गात बसवावे व नंतर या प्रश्नाचे उत्तर लिहावे.

शाळा कोणत्याही संस्थेची असो, तिच्या पायरीशी उभा असलेला पालक एकच असतो आणि त्याच्या हातातील मूलही एकच असते. त्यास पहिल्याच दिवशी खरी व पूर्ण माहिती सांगितली, तर पुढील अनेक अडचणी उद्भवतच नाहीत. त्यासाठी शासनाच्या नव्या निधीची किंवा साधनाची गरज नाही. शिक्षकाने चार मिनिटे त्याच्याजवळ बसावे आणि रजिस्टरातील एक ओळ नीट लिहावी, एवढेच पुरे आहे.